वारणेचा संगणक आणि बीडचा कोयता : विद्यार्थी-प्रकल्पांच्या दिशेचा पुनर्विचार

कोणत्याही साधनाचा इतिहास लिहिताना ते कोणी घडविले हा प्रश्न प्रथम विचारला जातो; ते कोणाच्या हाती पडावे म्हणून घडविले गेले, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. वस्तुतः साधनाचे यशापयश ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच अधिक अवलंबून असते. संगणकासारखे यंत्र आणि ते हाताळणारा मनुष्य ह्यांच्यामधील व्यवहार कसा घडावा ह्याचा विचार करणारी विद्याशाखा आज इंटरॅक्शन डिझाइन ह्या नावाने ओळखली जाते. बिल मॉग्रिज आणि बिल व्हर्प्लँक ह्यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हे नाव प्रचारात आणले. प्रस्तुत लेखात तिला संवादरचना असे म्हटले आहे. भारतात डिझाइनचे पद्धतशीर शिक्षण अहमदाबादेस १९६१ साली आणि मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ साली सुरू झाले. आज तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतूनही अंतिम वर्षाचा विद्यार्थी एखाद्या जनसमूहासाठी मोबाइलवरील आज्ञावली तयार करण्याचा प्रकल्प हाती घेऊ शकतो.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याला अशा प्रकल्पासाठी ऊसतोड कामगार हा विषय सुचावा, हे स्वाभाविक आहे. विषय निश्चित झाला म्हणजे प्रकल्पाची पहिली दिशाही जवळजवळ आपोआप ठरते : कामगार अल्पशिक्षित आहे, म्हणून अक्षरांऐवजी चित्रे वापरावीत, तो दूर असतो, म्हणून माहिती मोबाइलवर द्यावी. ही दिशा अगदीच चुकीची आहे असे नव्हे. तथापि ऊसतोडीच्या व्यवहाराचा इतिहास आणि महाराष्ट्रात साखर कारखान्याच्या परिसरात झालेल्या संगणक-प्रयोगाचा इतिहास शेजारी ठेवून पाहिले असता ती अपुरी ठरते. कामगारापुढील मूळ अडसर अक्षरांचा नसून हिशेबाचा आहे. आणि हिशेब त्याला वाचता येत नाही ह्यापेक्षा तो त्याच्या हाती नसतो, ही बाब अधिक महत्त्वाची आहे.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. बालाघाटच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेस गोदावरीकाठची काळी जमीन आहे, तर दक्षिणेकडे व पश्चिमेकडे आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केज ह्या भागांत हलक्या, उथळ जमिनीचे प्रमाण मोठे आहे. पर्जन्यछायेतील ह्या प्रदेशात खरिपाचे एक पीक निघाल्यावर हाताला काम उरत नाही. ह्याच काळात पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारीचा उदय झाला. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला, आणि पुढील दोन दशकांत कालव्यांच्या पाण्यावर कारखान्यांची मालिकाच उभी झाली. ह्या कारखान्यांना वर्षातून पाचसहा महिनेच, परंतु त्या काळात रात्रंदिवस, ऊस तोडणारे हात हवे होते. १९७२ च्या दुष्काळाने बीडमधील स्थलांतराला जोर आला आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडणे व चैत्र-वैशाखात परतणे हा अनेक गावांचा वार्षिक क्रम होऊन बसला.

ह्या स्थलांतराची आर्थिक रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. कारखाना कामगाराशी प्रत्यक्ष करार करीत नाही. तो तोडणी-वाहतुकीचा ठेका देतो; ठेकेदार मुकादमाला पैसा देतो; मुकादम गावोगाव फिरून हंगामापूर्वी कामगारांना आगाऊ रक्कम देतो. ह्या रकमेस उचल म्हणतात. उचल स्वीकारणारा घटक म्हणजे कोयता. कोयता हे हत्याराचे नाव. पण ऊसतोडीच्या भाषेत एक कोयता म्हणजे एक जोडपे. पुरुष ऊस तोडतो, स्त्री वाढे छाटते, पाचट काढते, मोळी बांधते. डोकी सेंटर असेल तर मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरते. दोघांची मजुरी टनावर एकत्र मोजली जाते आणि उचलीतून वळती होते. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या साखर कारखान्यांवर खानदेशातून जाणाऱ्या मजुरांचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन ह्यांनी १९७०-८० च्या दशकात केला. तेथेही गणनेचा घटक कोयता हाच होता. म्हणजे ही रूढी एका जिल्ह्याची नसून ह्या श्रमबाजाराचीच आहे.

आता नोंदीचा प्रवास पाहावा. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर येते, वजन होते आणि पावती निघते. ही पावती ज्याच्या शेतातील ऊस त्या सभासदाच्या खाती आणि वाहतूकदाराच्या खाती जमा होते. टोळीच्या वाट्याचा टनांचा आकडा ठेकेदाराकडून मुकादमाच्या वहीत उतरतो. कोणत्या कोयत्याने किती दिवस काम केले, कोणाचे किती खाडे झाले, कोणाला आठवड्याच्या बाजारासाठी किती खर्ची दिली, हे सर्व त्याच वहीत असते. हंगाम संपल्यावर हिशेब होतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर चढते. एवढ्या साखळीत कामगाराच्या स्वतःच्या हाती राहणारा असा एकही कागद नसतो, की ज्याच्या आधारे त्याने आपला आकडा मुकादमाच्या आकड्याशी ताडून पाहावा.

ह्या पार्श्वभूमीवर वारणेच्या प्रयोगाकडे वळणे उपयुक्त ठरेल. कारण साखरेच्या व्यवहारात माहितीचे यंत्र आणण्याचा, आणि पुढे त्या यंत्राची दिशा बदलण्याचा, तो महाराष्ट्रातील सर्वांत चांगला नोंदला गेलेला प्रयत्न आहे. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे ह्यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासन, राज्य शासन आणि सहकारी संस्था ह्यांचा तो संयुक्त उपक्रम होता. कोल्हापूर व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडावीत आणि शेती, आरोग्य, शिक्षण ह्यांविषयीची माहिती गावातील केंद्रावर मराठीतून मिळावी, असा त्याचा संकल्प होता.

काही वर्षांनी बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा ह्या संशोधकांनी ह्या केंद्रांची पाहणी केली, तेव्हा मूळ संकल्प आणि प्रत्यक्ष वापर ह्यांत मोठे अंतर पडलेले आढळले. संगणकाचा उपयोग मुख्यतः कारखान्याच्या नित्य कारभारासाठी, म्हणजे सभासदाच्या उसाच्या व येण्यादेण्याच्या नोंदी पोहोचविण्यासाठी होत होता. एवढ्या मर्यादित कामासाठी गावोगाव संगणक राखणे खर्चाचे होते. मग संशोधकांनी दिशाच बदलली. संगणक सुधारण्याऐवजी त्यांनी तो गावातून काढून घेण्याचा विचार केला आणि साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाने तीच माहिती देण्याची व्यवस्था केली. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. जुन्या व्यवस्थेची सर्व कामे नव्या व्यवस्थेने पार पाडली. ती स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत ठरली. सर्व केंद्रे अशा रीतीने बदलल्यास संस्थेचे वर्षाला सुमारे दहा लाख रुपये वाचतील, असा अंदाज २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात मांडला आहे.

संवादरचनेच्या विद्यार्थ्याने ह्या प्रयोगापासून घ्यावयाचा पहिला धडा स्पष्ट आहे. प्रकल्पाचे मूल्य त्यात गुंतलेल्या यंत्राच्या भव्यतेवर ठरत नाही. लोक त्याचा प्रत्यक्षात कशासाठी उपयोग करतात हे पाहून आराखडा मागे घेण्याची तयारी हीच संशोधनाची प्रगती होय. परंतु ह्याच प्रयोगात दुसराही धडा दडलेला आहे. संगणक गेला, मोबाइल आला; माध्यम बदलले, खर्च बदलला, सोय बदलली. मात्र एक गोष्ट १९९८ मध्ये जशी होती तशीच २००७ मध्येही राहिली : माहितीचा अधिकारी कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही वेळा कारखान्याचा सभासद शेतकरी हेच होते. ज्यांच्या हातून ऊस तुटतो ते सभासद नसतात, आणि सभासदांच्या सोयीसाठी रचलेल्या व्यवस्थेत त्यांना खाते नसते. ह्यात संशोधकांचा दोष नाही; त्यांनी सहकारी संस्थेच्या कारभाराचा प्रश्न घेतला होता आणि तो चोखपणे सोडविला. तात्पर्य एवढेच की, साधनाची दिशा बदलणे म्हणजे त्याच्या वापरकर्त्याचा पुनर्विचार होणेच असे नाही.

वापरकर्त्याचा पुनर्विचार झाला म्हणजे साधन कसे पालटते, ह्याचे उदाहरण मराठी लेखनाच्या कळफलकात सापडते. १९८६ साली केंद्र शासनाच्या पुढाकाराने सिद्ध झालेला इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकून, सराव करून टंकलेखन करणाऱ्यासाठी उपयुक्त होता. पवईच्या अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेल्या ‘की-लेख’ ह्या कळफलकाने निराळ्या माणसाची कल्पना केली : टंकलेखन न शिकलेला, परंतु शाळेत वर्णमाला पाठ केलेला मनुष्य. म्हणून कळांचा क्रम वर्णमालेचा ठेवला गेला. त्याच परंपरेतील २०१३ चे ‘स्वरचक्र’ व्यंजनावर बोट ठेवताच त्याची बाराखडी भोवती वर्तुळात मांडते. येथे यंत्राने मनुष्याला नवीन शिकविण्याऐवजी मनुष्याजवळ आधीच असलेल्या ज्ञानाचा आधार घेतला.

ऊसतोड कामगाराजवळ असलेले ज्ञान कोणते, हा प्रश्न ह्यावरून विचारता येतो. निरक्षरता हाच मुख्य अडसर मानणारी दिशा ह्या प्रश्नाकडे नकळत पाठ फिरविते. बंगळूरमधील घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी इंद्राणी मेधी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ नंतरच्या वर्षांत अक्षरविरहित आज्ञावल्या तयार केल्या, तेव्हा चित्रे ओळखू आल्यावरही काही स्त्रिया पुढे सरकत नव्हत्या. ही माहिती यंत्रात कोठून आली आणि हे यंत्र आपल्याला काम कसे मिळवून देणार, हा संबंधच त्यांना उलगडत नव्हता. म्हणून त्या संशोधकांनी संपूर्ण व्यवहार कथेच्या रूपाने दाखविणारी चित्रफीत जोडली. चित्र हे अक्षराच्या जागी बसू शकते. विश्वासाच्या जागी बसू शकत नाही, हा त्याचा अर्थ. बीडच्या कामगाराला टन, फेरी, खाडा, खर्ची, बाकी ह्या संज्ञा आणि त्यांतील बेरीज-वजाबाकी तोंडपाठ असते. ऊसतोडीचे चित्र दाखवून त्याला ऊसतोड समजावून देण्याची आवश्यकता नाही. उणीव आहे ती त्याचे पाठांतर ज्याच्याशी ताडावे अशा दुसऱ्या नोंदीची.

अशा प्रसंगी दिशा कशी बदलावी ह्याचे बोधप्रद उदाहरण नॉर्वेत सापडते. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत क्रिस्टेन न्यूगोर ह्यांनी तेथील लोह व धातू कामगार संघटनेबरोबर संगणकाविषयीचा प्रकल्प हाती घेतला. प्रारंभीचा आराखडा नेहमीचाच होता : संशोधकांनी कारखान्यांची पाहणी करावी आणि अहवाल लिहावेत. थोड्याच काळात ध्यानात आले की अशा अहवालांनी संशोधकांचे ज्ञान वाढेल, कामगारांचे बळ वाढणार नाही. तेव्हा त्यांनी प्रकल्पाच्या फलिताची व्याख्याच बदलली. संघटनेने प्रकल्पाच्या आधारे जी कृती केली तीच प्रकल्पाचे फलित मानावयाची असे ठरले. पुढे १९८१ साली उत्तर युरोपातील मुद्रण कामगार संघटनांच्या साह्याने सुरू झालेल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात संशोधकांनी यंत्रे प्रत्यक्षात येण्यापूर्वी पुठ्ठ्याची खोकी आणि कागद ह्यांची नक्कल-यंत्रे मांडली आणि कामगारांना त्यांवर काम ‘करून’ पाहण्यास सांगितले. पुठ्ठ्याचे खोके खोडता-मोडता येते, म्हणून त्याच्यापुढे कामगार आपले मत निःसंकोचपणे सांगू शकला.

नॉर्वेतील परिस्थिती बीडला जशीच्या तशी लावता येणार नाही, हे उघड आहे. तेथे बलवान संघटना होती आणि कामगार एका छताखाली होता. तथापि ऊसतोड कामगार अगदीच असंघटित आहे असेही नाही. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नेतृत्वाखाली कोयता बंद ठेवण्याची आंदोलने झाली; दराचा प्रश्न लवादाकडे नेण्याची प्रथा पडली; जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन होऊन कामगारांची नोंदणी व ओळखपत्रे ह्यांचे कामही सुरू झाले. म्हणजे टनाचा दर हा सार्वजनिक वाटाघाटीचा विषय झाला आहे. मात्र दर कितीही वाढला तरी त्याला ज्या टनांनी गुणावयाचे, तो आकडा अद्याप खासगी वहीतच आहे. दर चव्हाट्यावर आणि वजन वहीत, अशी ही विसंगती आहे. आणि विद्यार्थी-प्रकल्पाने हात घालावा असे ठिकाण नेमके हेच होय.

ह्या विवेचनातून प्रकल्पाची दिशा तपासण्यासाठी तीन कसोट्या निष्पन्न होतात. पहिली कसोटी घटकाची. आज्ञावलीत एका कोयत्यास एक खाते उघडले, तर रूढीने स्त्रीच्या श्रमाचे जे विलोपन केले आहे त्यावर यंत्राची मुद्रा उमटेल. ह्या विलोपनाचे परिणाम केवळ हिशेबापुरते नाहीत. २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढलेली आढळली. ह्याची कारणे अनेक आहेत. परंतु एकाने काम चुकविले तर सबंध कोयत्याचा खाडा धरणारी पद्धत स्त्रीच्या दुखण्याकडे कोणत्या दृष्टीने पाहण्यास भाग पाडते, ह्याचा विचार ह्या आकड्यांपुढे टाळता येत नाही. म्हणून नोंद दोन नावांची असणे हा सौंदर्याचा वा सोयीचा प्रश्न नसून प्रकल्पाच्या न्याय्यतेचा प्रश्न आहे.

दुसरी कसोटी हाताची : नोंद कोठे जन्मते आणि प्रथम कोणाच्या हाती पडते. काट्यावर वजन झाल्याक्षणी तोच आकडा टोळीलाही कळला, मग तो कागदाच्या दुसऱ्या प्रतीने असो, बोललेल्या निरोपाने असो की मोबाइलने, तर मुकादमाच्या वहीला साक्षीदार मिळतो. मुकादमाकडूनच माहिती घेऊन ती सुबक चित्रांत दाखविणारी आज्ञावली मात्र त्या वहीची केवळ रंगीत प्रत ठरेल.

तिसरी कसोटी काळाची. अंतिम वर्षाचा प्रकल्प पावसाळ्यात सुरू होतो आणि त्याची क्षेत्रपाहणी बहुधा हिवाळ्यात होते. नेमक्या त्याच महिन्यांत बीडच्या गावांतून कामगार निघून गेलेला असतो. विद्यार्थ्याला भेटतात ती मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि मुले. महाविद्यालयाचे वर्ष आणि कोयत्याचे वर्ष ह्यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी अनेक अनुमाने त्यामुळे चुकू शकतात. चैत्रात परतलेल्या एकाच टोळीबरोबर बसून, सरलेल्या हंगामाचा हिशेब कागदावर पुन्हा मांडून पाहणे, हा युटोपियाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखाच स्वस्त आणि अधिक सत्य आरंभ होईल. त्या कागदावर कोठे बोट थांबते, कोठे नवराबायकोचे स्मरण वेगळे पडते, हे पाहिल्यानंतरच यंत्राचा विचार सुरू व्हावा.

ह्यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मुकादम हा पुष्कळदा त्याच गावचा, एके काळी स्वतः कोयता चालविलेला मनुष्य असतो. उचल घेऊन टोळी आलीच नाही तर तोटा त्याच्या अंगावर येतो. हिशेबाला साक्षीदार आणणे हा अविश्वासाचा उच्चार समजला गेला, तर पुढील हंगामाची उचलच बंद होण्याची भीती कामगाराला वाटेल, आणि प्रकल्प संपवून विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावरही ती भीती गावातच राहील. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ठेकेदाराकडून मुकादमाला मिळणाऱ्या आकड्यालाही तोच साक्षीदार लाभावा, अशी रचना करणे शहाणपणाचे ठरेल. कारण साखळीत मुकादमही दुसऱ्याच्या वहीवर अवलंबून असतो. एवढे करूनही धोका पूर्णपणे टळेल असे म्हणता येत नाही. त्यामुळे नोंद कोणाला दाखवावयाची ह्याचा निर्णय टोळीचा असावा आणि नको असल्यास ती बंद करण्याचा अधिकारही टोळीचाच असावा, ही मर्यादा प्रारंभीच मान्य केली पाहिजे.

वारणेच्या संशोधकांनी गावातून संगणक काढून घेण्याचे धैर्य दाखविले, नॉर्वेच्या संशोधकांनी आपले अहवाल बाजूला ठेवण्याचे धैर्य दाखविले. बीडच्या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला कदाचित आपली आज्ञावलीच बाजूला ठेवावी लागेल, आणि वर्षाअखेर परीक्षकापुढे पडद्याऐवजी दोन नावांची, दोन प्रतींची एक साधी पावती ठेवावी लागेल. विद्यापीठीय मूल्यमापनात अशा पावतीला किती गुण मिळावेत, हा प्रश्न मग विद्यार्थ्याचा राहत नाही; तो अध्यापकांचा होतो.